पिकअप घेऊन कोल्हापुरात येताय? आधी बॅटरीचं बघा

मी मूळचा बीडकडचा. आई-वडील ऊसतोडीला यायचे तेव्हा त्यांच्यासोबत कोल्हापूर पहिल्यांदा पाहिलं. पुढे इथंच राहिलो, आता स्वतःची डिझेल पिकअप चालवतो. गावाकडची पोरं गाडी घेऊन आली की खोली कुठं मिळेल, माल कुठं मिळेल, हे विचारतात. बॅटरीचं कुणी विचारत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात बहुतेकांची गाडी तिथंच अडते.

कामाला तोटा नाही. पहाटे शाहू मार्केट यार्डात भाजी, दिवाळीपासून गूळ, एरवी शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीचं कास्टिंग. पण इथल्या खेपा छोट्या असतात. गावाकडे गाडी एकदा सुरू केली की तालुक्यापर्यंत सलग पळते. इथं यार्डातून लक्ष्मीपुरी, तिथून उद्यमनगर, दोन-तीन किलोमीटर गेलं की बंद, परत सेल्फ. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून सेल्फला दर वेळी शेकड्यानं अँपिअर लागतात. थंडीत इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगचा ओढा वेगळा. एवढं भरून काढायला अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, वेळच मिळत नाही. त्यात पावसाचे चार महिने वायपर, हेडलाईट, ब्लोअर दिवसभर चालू. बॅटरी सतत अर्धीमुर्धी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसून कडक होतो, आणि मग चार्जिंगला लावली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. आपल्याकडे बॅटरी उन्हानं जाते. इथं ती उपाशी राहून जाते.

म्हणून आठवड्यातून एखादं गगनबावड्याचं किंवा राधानगरीचं भाडं मिळालं तर पैसे थोडे कमी असले तरी सोडू नका. पन्नासेक किलोमीटर सलग चाललं की बॅटरीत जीव येतो. तसं भाडं नाहीच मिळालं तर पंधरा दिवसांतून एकदा रात्रभर चार्जरवर लावा.

एक साधा मल्टिमीटर गाडीत ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी चावी न लावता मोजायची. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२च्या खाली गेली तर त्या दिवशी भरवशाचं भाडं घेऊ नका. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून काटा बघा. साडेनऊच्या खाली जात असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर ती दमलीय. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. ते दिसत नसेल तर दोष बहुधा बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा किंवा त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याचा आहे. ही एवढी तपासणी न करता नवी बॅटरी घेणारे मी खूप पाहिलेत. महिन्याभरात नवीसुद्धा उतरते.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा. प्लेटा पाण्याखाली असल्या पाहिजेत. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको, आणि ॲसिडही नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. इथल्या ओलीत हे जास्त वेळा करावं लागतं. बॅटरीपासून चॅसीला आणि इंजिनाला जाणारी अर्थची वायरही बघा. ती गंजली की चांगली बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते.

२०१९च्या ऑगस्टमधली गोष्ट. महापुरानं शिरोलीजवळ हायवे बंद, आणि मी किणी टोलनाक्याच्या पुढे रांगेत अडकलेला. इंजिन बंद ठेवून तीन दिवस मोबाईल चार्ज केले, रात्री आतला दिवा. चौथ्या दिवशी सेल्फनं नुसतं टकटक केलं. शेजारी मोठा ट्रक होता, मी केबल घेऊन गेलो. म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, “पोरा, आमची चोवीसची हाय, तुझी बाराची. जोडलीस तर वायरिंग जाईल.” त्याचे उपकार मी विसरलो नाही. शेवटी दुसऱ्या पिकअपवाल्यानं जंप दिला. क्रम पाठ करा: आधी उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगलीचा मायनस, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली की स्फोट होतो. बिडी लांब ठेवा, हातातलं कडं काढून ठेवा.

बदलायची वेळ आली तर इंजिन आणि चावी बंद करून आधी मायनस सोडा, मग प्लस. बसवताना उलट, आधी प्लस. जुनीवर लिहिलेल्या एएचपेक्षा (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) कमी घेऊ नका, प्लस कुठल्या बाजूला आहे तेही जुळवा. दुकानात उत्पादनाची तारीख बघा आणि मीटर लावून व्होल्ट बघा. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि गाडीचा नंबर घेतल्याशिवाय हलू नका. माझी पहिली बॅटरी बिलाशिवाय घेतली होती. दहा महिन्यांत गेली आणि दुकानदारानं हात वर केले. जुनी बॅटरी त्याच दुकानात द्या, किमतीतून पैसे कापून मिळतात. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲसिड ओतणार गटारात, आणि ते जाणार पंचगंगेत.

पुराच्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज विचारत जा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. नदीजवळच्या भागात खोली असेल तर ३९लाच गाडी उंचावर नेऊन लावा आणि मायनस सोडून ठेवा. गाडीत पाणी शिरलंच तर चावी फिरवू नका. पाणी उतरल्यावर आधी मायनस काढा, मग मिस्त्रीला बोलवा.