वर्गात टीव्ही-मोबाईलवर शिकवायचंय? आधी एवढं करा

आमची परभणीकडची जिल्हा परिषदेची शाळा, लाइट कधी जाईल नेम नाही अन् रेंज फक्त लिंबाच्या झाडाखाली. म्हणून पहिलं सांगते, वर्गात नेटच्या भरवशावर राहूच नका. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आदल्या रात्री घरीच दीक्षा ॲपमधून स्कॅन करा, व्हिडिओ डाउनलोड करा अन् स्वतः पूर्ण बघा, कारण कधीकधी भाषा इतकी जड असते की लेकरांना कळतच नाही, तिथं थांबवून आपल्या बोलीत सांगावं लागतं.

सलग लावू नका. दोन मिनिटं दाखवा, पॉज करा, विचारा.

नदीच्या धड्याला मी गुगल मॅपच्या सॅटेलाइट व्ह्यूचा स्क्रीनशॉट काढून नेला (तो व्ह्यू ऑफलाइन सेव्ह होत नाही), पैठणचं जायकवाडी धरण दाखवलं अन् म्हटलं आता गोदावरीवर बोट ठेवून पुढं पुढं जा. एरवी तोंड न उघडणारी एक पोरगी टीव्हीवर बोट सरकवत पार नांदेडपर्यंत गेली अन् म्हणाली, "मॅडम, हितं माझ्या मामाचं गाव!" मग सगळ्यांनाच आपापली गावं शोधायची होती, तो तास मी तसाच जाऊ दिला.

नंतर टीव्ही बंद करून वहीत नदी काढायला लावा, हे चुकवू नका. अन् व्हॉट्सॲपवर गृहपाठ नको, घरात एकच फोन असतो अन् तो बापासोबत शेतात जातो. फळ्यावरच लिहून द्या.