पान नको, माती बघा: उन्हाळ्यात कुंड्यांच्या बाबतीत या चुका टाळा

मार्चचा दुसरा आठवडा उलटला की माझ्या फोनवर मान टाकलेल्या झाडांचे फोटो यायला लागतात. ठाण्यातून, ऐरोलीतून, खारघरमधून. प्रश्न एकच: "रोज पाणी घालते, तरी सुकतंय. काय करू?" मी दरवेळी तेच उत्तर देते. पानाचा फोटो नको, मातीत बोट खुपस आणि काय लागतंय ते सांग. निम्म्या लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना औषधाचं नाव हवं असतं.

आपल्याकडे खरा चटका मे महिन्याची वाट बघत नाही. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे येतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि पारा एकदम चढतो. सांताक्रूझ वेधशाळेतला मार्चचा विक्रम ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६ या दिवसाचा. म्हणजे होळी झाली की कुंड्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागायचं. मेच्या सुट्टीत बघू म्हणणाऱ्यांची अर्धी बाग तोवर गेलेली असते.

"खालून पाणी आलं, म्हणजे पोचलं"

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे, आणि करणारी माणसं आळशी नसतात. उलट रोज नेमाने पाणी घालणारी असतात.

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंचा मोगरा. घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतून फेब्रुवारीत आणलेला, कळ्यांनी भरलेला. त्यांनी तो मोठ्या कुंडीत लावला, भोवती कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि गांडूळखत भरलं. सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी. एप्रिलमध्ये कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या, पानं करपली. काकूंनी पाणी वाढवलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून युरिया टाकला. मग मला हाक मारली.

मी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. बाहेरचं कोकोपीट ओलंचिंब, आणि मध्ये लाल चिकण मातीचा गोळा, विटेसारखा टणक. नखाने खरवडला तर आत धूळ! मोगऱ्याची जवळजवळ सगळी मुळं त्या गोळ्यात होती. दीड महिना काकूंनी घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने खाली उतरत होतं. झाड पाण्याच्या मधोमध बसून तहानेने मरत होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण काकूंनी एक दिवस चुकवला नव्हता.

नर्सरीतली बरीच झाडं अशीच येतात. कितीतरी तर थेट आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांमधून ट्रकने आलेली असतात आणि प्रवासात माती सुटू नये म्हणून घट्ट चिकण मातीत बांधलेली असतात. वाटेत ती माती उपयोगी पडते, आपल्या कुंडीत पडत नाही. नुसतं कोकोपीट असलेल्या कुंडीतही हाच प्रकार होतो, जरा वेगळ्या रीतीने. कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की आक्रसतं, कुंडीच्या कडेला फट पडते, आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत. ताटली भरलेली बघून आपण समाधानाने आत जातो.

उपाय सोपा आहे, पण त्याला अर्धा तास लागतो. बादलीत पाणी घ्या आणि कुंडी काठाच्या जरा खालपर्यंत बुडवा. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत हलवायची नाही. मग काढून निथळू द्या. मोठी कुंडी उचलत नसेल तर तांब्याभर पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तांब्याभर, असं तीन-चारदा. गोळा असेल तर उदबत्तीच्या काडीने त्याला सहा-सात ठिकाणी हळूच भोकं पाडते मी. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, हाताला लागलेली सवय आहे. काकूंचा मोगरा तीन वेळा बुडवला. दोन फांद्या गेल्या, बाकीच्या मे महिन्यात फुटल्या.

त्या युरियाबद्दलही सांगते. कोरड्या मुळांवर कुठलंही रासायनिक खत टाकणं म्हणजे जखमेवर मीठ, आणि इथे ते शब्दशः खरं आहे. खताचे क्षार मुळांतलंच पाणी ओढून घेतात, पानांच्या कडा तपकिरी होतात. एप्रिल-मेमध्ये मी खत जवळजवळ बंद करते. फुलणाऱ्या मोगऱ्याला तेवढं पातळ शेणपाणी, तेही आधी साधं पाणी घालून.

दुपारी मान टाकली म्हणून दुपारीच पाणी

जास्वंद, भोपळ्याचा वेल, पुदिना दोन वाजता मलूल दिसणारच. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानं उडवत असतात. सहा वाजता परत बघा. पानं उभी राहिली असतील तर झाडाचं काहीही बिघडलेलं नाही. सकाळी सातलाही मान खाली असेल तर काळजी करा, आणि तेव्हाही आधी बोट खुपसा. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली आणि पान तरी लोळलेलं, तर मुळं कुजली आहेत, आणि तुम्ही घालाल तो प्रत्येक तांब्या झाडाला आणखी खाली नेईल. दोन्ही झाडं वरून अगदी सारखी दिसतात, म्हणून तर मी फोटो मागत नाही.

गच्चीवर नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. ते बादलीत सोडा, निवू द्या. थेट मुळांवर नको.

मे महिन्यात कुंडी बदलणं

माझा भाचा ऐरोलीत राहतो. गेल्या मेमध्ये एका रविवारी त्याने आठ झाडं नव्या कुंड्यांत हलवली. तीस सेकंदांच्या व्हिडिओत कुणीतरी मुळं सोडवून, कात्रीने छाटून, झाड नव्या मातीत ठेवताना त्याने पाहिलं होतं. दुपारी बारा वाजता, पश्चिमेच्या बाल्कनीत. पुढच्या रविवारपर्यंत सहा झाडं गेली, त्यात त्याच्या आजीने दिलेला कढीपत्ता होता. कढीपत्त्याच्या मुळांना हात लावलेला एरवीही फारसा सोसत नाही.

मी त्याला रागावले, आणि अजूनही मला वाटतं की रागावायला हवंच होतं. ज्या मुळांवर झाड उन्हाळा काढणार, तीच आपण छाटतो आणि वरची सगळी पानं तशीच ठेवतो. मग ती पानं प्यायला पाणी कुठून आणणार? आपल्याकडे पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. हवा दमट झाली, आभाळ भरलं की तेच काम करा, झाडाला कळणारही नाही. पाच-सहा आठवडे थांबायचं आहे, एवढंच. नर्सरीतून आत्ता काही आणलंच तर ते पिशवीसकट आठवडाभर सावलीत ठेवा, मग पिशवी कापून गोळा न फोडता लावा, संध्याकाळी.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सावलीची हिरवी जाळी ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, पुरते. ९० टक्क्यांची लावून मोगऱ्याला फुलं का नाहीत असं विचारू नका. मोगरा, बोगनवेल, अडेनियम यांना जाळीखाली घ्यायचंच नाही.

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापलेल्या लादीवर ठेवू नका. खाली दोन विटा द्या आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा.

एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा ज्या कुंडीवर येते ती तिथून हलवा. त्याच एसीच्या नळीखाली मात्र बादली ठेवा. आपल्या दमट हवेत रोजचं काही लिटर पाणी मिळतं आणि ते झाडांना चालतं. मोरबे धरणाची पातळी खाली गेली की नवी मुंबईत पाणी जपूनच वापरावं लागतं, तेव्हा हे पाणी मोलाचं ठरतं.

माती उघडी ठेवू नका. कोपऱ्यावरचा शहाळेवाला सालं फेकूनच देतो, ती वाळवून, पिंजून कुंडीत पसरा. रसवंतीतली चिपाडंही चालतात, पण आधी कडक उन्हात वाळवा. ओली टाकलीत तर मुंग्यांची वारूळं होतील.

चहाचा चोथा धुतल्याशिवाय घालू नका, त्यात दूध-साखर असते.

ताटलीतलं पाणी आठवड्यातून दोनदा ओता. डासाच्या अंड्यातून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी जुन्या ब्रशने आणि पाण्याच्या जोरदार धारेने काढा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, तेही ऊन उतरल्यावर. दुपारी तेल फवारलंत तर किडीआधी पान भाजेल.

फवारणीचा विषय निघालाच आहे, तर हे जरा थांबून वाचा. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसेल. काळपट, मध्ये पांढरा डाग. ती शीट नाही, ती फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की हिरवीगार होते. लिंबाचं फुलपाखरू आणि बहुरूपी ही दोघं आपल्या बाल्कनीत नेमाने येतात. ज्या निलवंताला २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळाला, त्याच्या अळ्याही लिंबू वर्गातल्याच झाडांवर वाढतात. चार-पाच अळ्यांनी कढीपत्ता मरत नाही, पुन्हा फुटतो. झाड अगदीच लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवा. विष मारू नका, कृपा करून. त्याच फांदीची पानं आपण फोडणीत टाकतो.

आणि या दिवसांत टांगत्या कुंडीत बुलबुल घरटं करतो. माझ्या मनीप्लांटमध्ये तीन वर्षं केलं. अशा वेळी "कुंडी जरा सावलीत सरकवू" असं म्हणून ती हलवली की आई-बाप घरटं सोडून जाण्याची भीती असते. दोन-तीन अंडी असतात, ती उबायला सुमारे दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी जवळपास तेवढेच. तेवढे दिवस मी झारी वापरत नाही. बाटलीच्या बुचाला भोक पाडून, घरट्याच्या उलट्या बाजूने, पहाटे आईबुलबुल उठून गेली की कडेला थोडं पाणी सोडते. मनीप्लांटची चार पानं पिवळी पडतात. पिल्लं उडाली की कुंडी खाली घेऊन बादलीत बुडवते.