रापण, तीन प्रोजेक्टर आणि सहा वाटे

रापणीवरचं आमचं पहिलं व्हिडिओ-साऊंड इन्स्टॉलेशन, म्हणजे खोलीभर पडदे आणि स्पीकर लावून मांडलेलं काम, रत्नागिरीतल्या एका छोट्या गॅलरीत लागलं. उद्घाटनाला आलेले सगळे छान छान म्हणत होते, फोटो काढत होते, आणि मालवणहून आलेले एक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) काका मात्र दहा मिनिटं हलले नाहीत, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "झिला, दोरी हय ओढतत, मगे आवाज थयसून कसो येता?" बघतो तर डावा-उजवा स्पीकर उलटा जोडलेला! दोन दिवस टेस्टिंग केलं होतं आम्ही, पाच जणांतल्या एकाच्याही कानाला ते खटकलं नव्हतं. कारण साधं आहे, आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत होतो आणि काका जणू किनाऱ्यावरच उभे होते.

आता आर्ट कॉलेजातली किंवा नुकतीच बाहेर पडलेली मुलं विचारतात की असलं काम कसं सुरू करायचं, कॅमेरा कुठला घेऊ, सॉफ्टवेअर कुठलं शिकू. ते सांगतोच पुढे, पण आधी माणसांचं. कारण हे काम एकट्याने होत नाही, आणि ग्रुपने केलं तर भांडणाशिवाय होत नाही.

आमच्यात मी कॅमेरा आणि एडिटवाला, एक मित्र दशावतारात पखवाज वाजवतो तो आवाजाचा, एक आयटीआय केलेला वायरमन, माझी मावसबहीण जी शाळेत शिकवते आणि कुणाशीही पाच मिनिटांत बोलायला लागते, आणि पाचवे रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, त्यांना आम्ही मामा म्हणतो. सुरुवातीला मामा म्हणजे आमचा 'विषय' होते, असं म्हणायला आता लाज वाटते. मी त्यांना प्रोजेक्ट समजावून सांगत होतो, कॉन्सेप्ट वगैरे, आणि त्यांनी मध्येच विचारलं, "ता सगळा ठीक, पण वाटे कशे?"

ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी: होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. मग जे काही मिळेल, बांगडे म्हणा तारली म्हणा, त्याचे वाटे पडतात, माणसांचे तर असतातच पण जाळ्याचा आणि होडीचाही वाटा असतो. आणि हे सगळं आधीच ठरलेलं असतं, मासळी बघून नाही ठरवत. आम्ही तेच उचललं. मानधनाचे सहा वाटे, पाच माणसांचे आणि एक 'जाळ्याचा', म्हणजे उपकरणांचा. भिंतीवरच्या पाटीवर पाचही नावं एकाच आकारात. हे कागदावर लिहून सह्या केल्या तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं होतं, मित्रामित्रांत कसल्या सह्या, पण नंतर जे काही वाजलं त्यात तो कागदच उपयोगी पडला. गॅलरीने पाटी छापताना माझं एकट्याचं नाव मोठं टाकून बाकीचे 'सहाय्य' केले होते, कागद दाखवला तेव्हा बदललं. तुम्ही आधी ठरवलंच नसेल तर दाखवणार काय?

बरं, व्हिडिओ आर्टमध्ये आवाज म्हणजे शेवटी लावायची फोडणी असा समज असतो, मलाही होता. नाम जून पैक, ज्याला व्हिडिओ आर्टचा बाप म्हणतात, तो मुळात संगीत शिकलेला माणूस. १९६३ मध्ये जर्मनीत वुपरटालला त्याने टीव्ही संच मांडून जे प्रदर्शन केलं त्याच्या नावातच संगीत होतं. आणि मुंबईतला कॅम्प हा स्टुडिओ, २००७ पासूनचा, त्यांनी कच्छच्या वगैरे खलाशांनी स्वतःच्या मोबाईलवर घेतलेल्या शूटिंगमधून २०१३ मध्ये अख्खी फिल्म उभी केली, त्यातली गाणीही खलाशांनी आपापल्या क्लिपांना लावलेलीच. हे कळलं तेव्हा डोक्यात उजेड पडला की मामांना नुसतं शूट करायचं नसतं, त्यांच्या हातातही फोन असतोच की.

मामांच्या पोरांनी होडीतून फोनवर घेतलेलं शूटिंग आमच्या कॅमेऱ्यापेक्षा भारी होतं. पण त्यात एक मेख निघाली. फोनचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, स्थिर नसतो, मधेच २९ मधेच ३०, त्यामुळे एडिटमध्ये दहा मिनिटांच्या क्लिपला शेवटी शेवटी आवाज चित्राला जुळत नाही. आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्या, मगच एडिटला बसा. आणि आवाजाचा सॅम्पल रेट (रेकॉर्डिंगचं एक सेटिंग) सगळीकडे ४८ किलोहर्ट्झवरच ठेवा, कुणीतरी ४४.१ वर रेकॉर्ड करून आणतोच आणि मग रात्र जाते. अजून एक, ट्यूबलाईटखाली शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्र लुकलुकतं.

आता मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट. एका शॉटमध्ये लांब होडीत एक माणूस पाण्यावर वल्हं आपटतो, मासे जाळ्याकडे हाकायला. पखवाजवाल्याने वल्ह्याच्या आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग केलं होतं, होडीतूनच, अगदी स्वच्छ. मी ते चित्राला तंतोतंत जुळवलं, वल्हं पाण्यावर पडलं की फाट. बघायला गेलं तर बरोबर, पण खोटं वाटत होतं, कार्टूनसारखं. दोन दिवस मी ईक्यू, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करायची बटणं, फिरवत बसलो. शेवटी मामांना दाखवलं तर ते म्हणाले आवाज लवकर येतोय, वल्हं वर गेल्यावर ऐकू येतं. आणि खरंच की! आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, होडी पावणेदोनशे मीटरवर असेल तर किनाऱ्यावर आवाज अर्धा सेकंद उशिराच येणार. आम्ही आवाज अर्धा सेकंद उशिरा केला आणि समुद्र एकदम मोठा झाला, म्हणजे भिंत तीच, प्रोजेक्टर तोच, पण चित्राला खोली आली. हे कुठल्या ट्युटोरियलमध्ये मला सापडलं नव्हतं आणि जन्मभर किनाऱ्यावर राहून माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

गॅलरीचं बोलायचं तर लॅपटॉपवर काम पूर्ण झालं असं समजू नका, निम्मं तिथे होतं. टेप घेऊन जा आणि खोली मोजा. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ३ मीटर रुंद चित्रासाठी साडेचार मीटर मागे जावं लागतं, आमची खोली चार मीटर, झालं, चित्र लहान. शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळूनच मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टर, मिळतो पण आपल्याकडे भाड्याने मिळेलच असं नाही. आणि भाड्याने काही घेणार असाल तर गणपतीच्या आसपास तारीख घेऊ नका, शिमग्यालाही नको, सगळे साऊंडवाले तेव्हा बुक असतात. भाडं दिवसाच्या हिशोबाने लागतं, सेटअपचे दोन-तीन दिवस बजेटमध्ये धरायला लोक विसरतात, आम्ही विसरलो.

आमच्या गॅलरीच्या भिंती चिऱ्याच्या, वरून गिलावा, खाली लादी, टाळी वाजवली की परत ऐकू यायची. चार स्पीकर लावले तर सगळा रेंदा. फोम आणायला पैसे नव्हते, मावसबहिणीने घराघरांतून गोधड्या जमवल्या, मागच्या भिंतीवर दोन-दोन थरांत टांगल्या आणि काळं कापड लावलं. इतका फरक पडतो म्हणून सांगू. फक्त भिंतीला चिकटवू नका, थोडी पोकळी ठेवा.

तीन स्क्रीनसाठी आम्ही तीन रास्पबेरी पाय (तळहाताएवढे कॉम्प्युटर) वापरले होते, तिन्ही एकदम सुरू केले, दुपारपर्यंत तिघांचे तीन सूर. वेगवेगळे लूप आपापल्या घड्याळाने चालतात, सिंक केलं नाही तर सरकणारच. एकाच कॉम्प्युटरला तीन आउटपुट काढणं सोपं. आवाजासाठी चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरमधून स्पीकरना आवाज देणारा डबा) आणि रीपर हे साऊंडचं सॉफ्टवेअर, बस.

आणि वीज. लाईट गेली आणि आली की सगळं आपोआप सुरू झालं पाहिजे, कारण गॅलरीतल्या ताई रोज तुमच्यासाठी रिमोट शोधणार नाहीत. प्रोजेक्टरच्या मेनूत वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग शोधा, स्लीप बंद करा, कॉम्प्युटरला छोटा यूपीएस लावा. वायरमनने प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून नंबर टाकले, हे त्याने काकांच्या त्या प्रश्नानंतर केलं, आधी नाही, आणि अजून मी त्याला त्यावरून चिडवतो. स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो, सगळं एकाच बोर्डावरून घेऊन बघा.

मानधन उशिरा आलं, ते येतच उशिरा. जाळ्याच्या वाट्यातून आम्ही एक जुना साऊंड रेकॉर्डर आणि वाऱ्यासाठी फरची टोपी घेतली, टोपीशिवाय किनाऱ्यावर रेकॉर्डिंग करूच नका, नुसता भडभडाट येतो. पावसाळ्यात इथे लेन्सला बुरशी धरते आणि खाऱ्या हवेने पिना गंजतात, म्हणून जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा आमचंही दुकान बंद. रेकॉर्डर मावसबहिणीकडे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतो. डबा फरसाणाचा आहे, त्यामुळे तिच्या पोरांसाठी तिने वर मार्करने लिहून ठेवलंय, 'खाऊ नाही'.