लुक आउट म्हटलं की बाहेर बघायचं नाही: इंग्रजीत सावध करायचे शब्द

कोणाचा पाय घसरतोय असं दिसलं की मराठीत आपण वाक्य बोलत बसत नाही. ‘अरे पाय!’, ‘डोकं!’, ‘गाडी!’ एवढंच तोंडातून निघतं. इंग्रजीत मात्र नेमकं त्याच वेळी शाळेतलं व्याकरण आठवतं आणि ‘प्लीज बी केअरफुल, द फ्लोअर इज...’ म्हणेपर्यंत समोरचा आपटलेला असतो. म्हणून शब्द निवडताना आधी हातात वेळ किती आहे ते बघा.

सेकंदभरच असेल तर ‘वॉच आउट!’ किंवा ‘लुक आउट!’ दोन्हींचा अर्थ सारखाच, ‘सांभाळ!’ जोर दुसऱ्या शब्दावर द्यायचा आणि तोच लांबवायचा: लुक आऽऽउट. पहिल्या शब्दावर जोर दिला तर लांबच्या माणसाला नुसतं ‘लुक’ ऐकू येतं आणि तो तुमच्याकडे बघत उभा राहतो. गाडीच्या खिडकीशी बसलेल्याला कोणी ‘लुक आउट’ ओरडलं, तर डोकं बाहेर काढायचं नसतं, आत घ्यायचं असतं. ‘डक!’ म्हणजे खाली वाक. बदकाचा इथे संबंध नाही. धोका नेमका कुठून येतोय ते माहीत असेल तर नुसतं ‘वॉच आउट’ म्हणण्यापेक्षा काय करायचं तेच सांगावं: ‘स्टॉप!’, ‘मूव्ह!’, ‘गेट बॅक!’ ‘टेक केअर’ इथे अजिबात चालत नाही. आपण ‘काळजी घे’चं भाषांतर म्हणून ते वापरतो, पण इंग्रजीत बहुतेक वेळा ते निरोप घेताना म्हणतात.

‘हेड्स अप!’ जरा फसवं आहे. मैदानावर किंवा बांधकामावर हे ओरडलं की काहीतरी तुमच्या दिशेने येतंय. शब्दशः मान वर केली तर विटेचा तुकडा तोंडावरच बसायचा. डोक्यावर हात घ्या, बाजूला व्हा. कचेरीतलं ‘अ हेड्स-अप’ मात्र शांत असतं: पुढे येणाऱ्या गोष्टीची आधी दिलेली कल्पना. ‘जस्ट अ हेड्स-अप, द सर्व्हर विल बी डाउन ॲट सिक्स.’ तिथे ‘आय ॲम वॉर्निंग यू’ लिहू नका, ती धमकी वाटते.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा क्रूझच्या गॅलीत (जहाजावरच्या स्वयंपाकघरात) काम करणार असाल तर चार शब्द पहिल्याच दिवशी जिभेवर हवेत. कोणाच्या पाठीमागून जाताना ‘बिहाइंड!’, हातात गरम भांडं असेल तर ‘हॉट बिहाइंड!’, उघडी सुरी घेऊन चालताना ‘शार्प!’, वळणावर ‘कॉर्नर!’ हे ऐकणाऱ्याने वळून बघायचं नसतं, जागच्या जागी थांबायचं असतं. वळला की कोपर भांड्याला लागतं आणि रस्सा दोघांच्या अंगावर.

थोडा वेळ हाताशी असेल तर ‘माइंड’ आणि ‘वॉच’. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून ‘माइंड द गॅप’ ऐकू येतं आणि मुंबईच्या लोकलमधली इंग्रजी घोषणाही त्याच वळणाची आहे. हा ‘माइंड’ ब्रिटिश. अमेरिकेत ‘वॉच युवर स्टेप’, ‘वॉच युवर हेड’ म्हणतात. ‘वॉच’नंतरचं ‘आउट फॉर’ गाळलं की अर्थ उलटू शकतो. ‘वॉच आउट फॉर द डॉग’ म्हणजे कुत्र्यापासून जपा, तर ‘वॉच द डॉग’ म्हणजे बहुधा कुत्र्याकडे लक्ष ठेवा. ‘कीप ॲन आय ऑन’ आणि ‘कीप ॲन आय आउट फॉर’ यांतही असाच फरक आहे. समोर असलेल्या बॅगेवर ‘आय ऑन’; अजून न आलेल्या टीसीसाठी ‘आय आउट फॉर’.

पाट्या आणि लेबलं वाचताना शब्दांची उतरंड माहीत हवी. अमेरिकी मानकानुसार यंत्रावर ‘डेंजर’ असेल तर धोका टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. ‘वॉर्निंग’ असेल तर होऊ शकते. ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ ते मध्यम इजेची शक्यता. ही उतरंड कीटकनाशकाच्या डब्याला लावू नका. भारतात डब्यावरच्या लाल आणि पिवळ्या त्रिकोणाला ‘पॉयझन’ शब्द असतो, निळ्याला ‘डेंजर’, हिरव्याला ‘कॉशन’. म्हणजे इथे ‘डेंजर’ दोन पायऱ्या खाली. आणि हिरवा रंग निर्धोक नव्हे, फक्त चौघांत कमी विषारी; हातमोजे आणि तोंडावर मास्क तिथेही हवाच. टँकरमागचं ‘हायली इन्फ्लेमेबल’ वाचताना ‘इन’ला नकार समजू नका. तो पेट घेणारा माल आहे. ‘फ्लेमेबल’चाही अर्थ तोच.

पावसाळ्यात हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे ‘वॉच’, बातम्यांवर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे ‘अलर्ट’, तयारीत रहा. लाल म्हणजे ‘वॉर्निंग’, आता हालचाल करा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘हेवी’, ११५.६ पासून ‘व्हेरी हेवी’ आणि २०४.४ च्या वर गेला की ‘एक्स्ट्रीमली हेवी’. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: तिथे ‘टॉर्नेडो वॉच’ म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, ‘टॉर्नेडो वॉर्निंग’ म्हणजे ते दिसलंय किंवा रडारवर आलंय, लगेच तळघरात.

समुद्रावर शब्द ठरलेले असतात, तिथे आपली कल्पकता नको. जीव किंवा जहाज जाण्याची वेळ आली तर जहाजाच्या रेडिओच्या चॅनल १६ वर ‘मेडे’ तीनदा. इंजिन बंद पडलंय, पण बुडण्याचा धोका नाही, तर ‘पॅन-पॅन’ तीनदा. मग जहाजाचं नाव, ठिकाण, काय झालंय, कोणती मदत हवी आणि जहाजावर माणसं किती, याच क्रमाने. नाव सांगून ठिकाण राहिलं आणि बॅटरी गेली तर शोधणाऱ्यांच्या हाती काहीच उरत नाही, म्हणून अपघाताचं वर्णन ठिकाणानंतर.