मॉडेल ट्रॅक्टर नाक वर करतोय? आधी हिच (मागे लोड जोडायचा हुक) बघा

चालणारं मॉडेल बनवताना सगळे मोटरच्या मागे लागतात, पण खरी गंमत वजनात आहे. 1:8 स्केलला लांबी आठवा भाग होते पण वजन 8×8×8 म्हणजे 512वा भाग, म्हणजे 1200 किलोच्या ट्रॅक्टरचं मॉडेल साधारण 2.3 किलो भरायला हवं. माझं 1917 च्या फोर्डसन एफ ट्रॅक्टरचं मॉडेल मागे लोड लावला की सरळ उलटंच पडायचं (खऱ्या फोर्डसनलाही तीच खोड होती म्हणा!). मग हिच मागच्या ॲक्सलच्या बरीच खाली घेतली आणि शिशाचे तुकडे रेडिएटरच्या आतून चिकटवले, बाहेरून काहीच दिसत नाही. शिसं कापल्यावर हात मात्र साबणाने धुवा.