अणुवीज केंद्राची कार्यक्षमता काढताना या चुका टाळा

अणुवीज केंद्राच्या कामगिरीचे आकडे बहुतेक वेळा छेदापाशी चुकतात. पालघर जिल्ह्यातील तारापूर केंद्रात १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती आणि पुढे ती १६० मेगावॉटवर आणण्यात आली. वर्षभर अखंड १६० मेगावॉट वीज देणाऱ्या संचाचा लोड फॅक्टर (प्रत्यक्ष वीज भागिले पूर्ण क्षमतेने मिळू शकणारी वीज) जुन्या क्षमतेवर ७६ टक्के, तर नव्या क्षमतेवर १०० टक्के येतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करण्यापूर्वी त्या त्या वर्षीची मान्य क्षमता पाहावी.

तिसऱ्या व चौथ्या संचांची स्थूल (एकूण निर्मितीची) क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॉट आहे. पंप वगैरे केंद्राच्या स्वतःच्या वापरानंतर सुमारे ४९० उरतात; ही निव्वळ क्षमता. अंशात स्थूल वीज आणि छेदात निव्वळ क्षमता धरली, तर लोड फॅक्टर ११० टक्क्यांपर्यंत जातो.

लोड फॅक्टर म्हणजे कार्यक्षमता नव्हे. कार्यक्षमतेसाठी छेदात औष्णिक शक्ती, म्हणजे अणुभट्टीने दिलेली उष्णता हवी. ती सुमारे १,७३० मेगावॉट धरल्यास स्थूल कार्यक्षमता ३१ आणि निव्वळ २८ टक्के येते. या संचांसारख्या भारजल (जड पाणी) अणुभट्टीत विखंडनाच्या उष्णतेपैकी सुमारे पाच टक्के मंदकातच (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या भारजलात) उतरते व स्टीम जनरेटरपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे औष्णिक शक्ती कोठे मोजली, हे नोंदवल्याशिवाय टक्केवारी देऊ नये.

कार्नो मर्यादा (दोन तापमानांदरम्यान शक्य असलेली कमाल कार्यक्षमता) काढताना सेल्सिअस वापरण्याची चूक तर अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिकांतही दिसते. वाफ २५० अंश आणि कंडेन्सर ४० अंश असेल, तर सेल्सिअसमध्ये ८४ टक्के हे अशक्य उत्तर येते. केल्विनमध्ये (५२३ व ३१३) ते ४० टक्के येते.

औष्णिक शक्तीचे वाचन स्थिर असूनही वीज घटत असेल, तर दोन संशयित तपासावेत. पुरवठा पाण्याच्या व्हेंचुरीत (प्रवाह मोजणाऱ्या अरुंद गळ्याच्या नळीत) थर साचल्यास दाबातील फरक वाढतो, प्रवाह असतो त्याहून जास्त दिसतो, आणि अणुभट्टी प्रत्यक्षात कमी शक्तीवर चालत असूनही आकडा पूर्ण शक्तीचा दिसतो. समुद्राचे पाणी तापल्यामुळे कंडेन्सरची निर्वात पातळी बिघडली, तरीही वीज घटते. टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यावरील दाबही उतरला असेल, तर वाफच कमी येत आहे, म्हणून व्हेंचुरी पाहावी. तो दाब कायम असेल, तर कंडेन्सरकडे वळावे.