माल्टाला जाताय? व्हॅलेटा, मदिना, बिरगू आणि गोझो असं फिरा

नकाशावर माल्टा, भूमध्य समुद्रातला हा बेटांचा देश, एवढंसं दिसतं, मुख्य बेट जेमतेम २७ किमी लांब आणि १४ किमी रुंद, त्यामुळे सगळे ठरवतात की दोन दिवसांत उरकू. उरकत नाही. अंतर कमी असलं तरी रस्ते अरुंद, गाड्या अफाट, आणि बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबत थांबत जाते. म्हणून माझा एकच सल्ला, जिथं होडी मिळते तिथं बसचा नाद सोडा आणि जुनी गावं दुपारी नाही तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बघा.

आधी कागदपत्रं. माल्टा २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणजे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच, आणि युकेत राहणाऱ्या मंडळींनो, तिथं इंग्रजी चालतं म्हणून ब्रिटनचा व्हिसा चालेल असं समजू नका. इटलीबरोबर जोडून जाणार असाल तर जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, आणि ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो तो विसरू नका. इटलीच्या सिसिली बेटावरच्या पोझाल्लोहून व्हॅलेटाला फास्ट फेरी येते, साधारण पावणेदोन तास लागतात, तेव्हा दोन्ही बेटं एकत्र करणं अगदी शक्य आहे.

चलन युरो. प्लग मात्र ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे, आपले गोल पिनचे चार्जर त्यात बसत नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तरीपण गाडी भाड्याने घ्यायच्या आधी दोनदा विचार करा कारण पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. बसचं तिकीट दोन-तीन युरोत येतं आणि दोन तास चालतं, बस बदलली तरी. स्टॉपवर उभं राहून हात दाखवावा लागतो हं, नाहीतर सरळ निघून जाते! आणि पाटीवर गावाच्या नावात इंग्रजी एक्स दिसला की तो श वाचायचा.

राहायला व्हॅलेटा किंवा समोरचं स्लिमा बघा. स्वस्तात पार्टीवाल्या भागात रूम मिळते, पण रात्रभर डीजे ऐकायचा नसेल तर नको. व्हॅलेटाच्या वेशीबाहेर ट्रायटन कारंज्यापाशी मुख्य बसस्टँड आहे, बहुतेक सगळ्या बस तिथूनच सुटतात, आणि विमानतळावरूनही थेट बस येते.

व्हॅलेटा शहर वसलं १५६६ मध्ये, म्हणजे तुर्कांचा १५६५ चा मोठा वेढा परतवल्यावर लगेच, आणि तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या (नाइट्सच्या) ज्या प्रमुखाने, ग्रँड मास्टर 'ला व्हॅलेट'ने, तो वेढा झेलला त्याचंच नाव शहराला. रस्ते एकदम सरळ आखलेले पण चढउतार भयंकर, काही गल्ल्या तर नुसत्या पायऱ्याच, तेव्हा आजीआजोबा बरोबर असतील तर हॉटेल रिपब्लिक स्ट्रीटच्या सपाट भागात घ्या. सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे मोठं चर्च चुकवू नका. बाहेरून अगदी साधं, आत पाय ठेवला की सोनंच सोनं, आणि जमिनीवर त्याच सरदारांच्या संगमरवरी समाध्या. तिथंच इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं १६०८ चं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' आहे, त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही जॉनच्या गळ्यातून वाहणाऱ्या रक्तात आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, टोकदार हील्स चालत नाहीत, रविवारी पर्यटकांना बंद.

तिथून अपर बराक्का बागेत जा (दुपारी बाराला तोफ उडते, गर्दी होते, पण मजा येते), मग लिफ्टने खाली बंदरावर उतरा आणि छोट्या होडीने पलीकडे बिरगूला. ही होडीच खरी ट्रिप आहे, थोडक्या पैशात अख्खं ग्रँड हार्बर दिसतं, महागडी क्रूझ कशाला? बिरगूला नकाशात विट्टोरिओसापण लिहिलेलं असतं, घाबरू नका, एकच गाव. व्हॅलेटा नव्हतं तेव्हा १५३० मध्ये आलेल्या सरदारांचं ठाणं इथंच होतं. किल्ला सेंट अँजेलो बघा, मागच्या गल्ल्यांत उगाच भटका, कुंड्या, बंद लाकडी गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, आणि व्हॅलेटाच्या मानाने गर्दी काहीच नाही.

मदिना ही त्याआधीची राजधानी. व्हॅलेटाहून ५१, ५२ किंवा ५३ नंबरची बस. आत तीनशेच्या आतच लोक राहतात, बाहेरच्या गाड्यांना बंदी. दुपारी टूर ग्रुप असतात, पाचनंतर गेलात तर गल्ल्या तुमच्याच. कॅथेड्रलला दोन घड्याळं आहेत, एकात वेळ आणि दुसऱ्यात तारीख. वेशीबाहेर लगेच रबात गाव, तिथली सेंट पॉलची भुयारी दफनस्थळं दिवसा आधी बघून घ्या आणि मग मदिनात शिरा.

खाण्याचं सांगते, शाकाहारींचं निभतं. पास्तित्सी म्हणजे आपल्या बेकरीतल्या पॅटीसचा भाऊच, रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण, गरमागरम घ्यायचं. फ्तीरा नावाच्या ब्रेडमध्ये न विचारता ट्यूना घालतात, आधी सांगा.

हाल साफ्लिएनीचं हायपोजियम, म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीचं जमिनीखालचं दफनस्थळ, बघायचं असेल तर विमानाच्या तिकिटाबरोबरच बुक करा, दिवसाला फक्त ८० जणांना सोडतात.

आता गोझो, म्हणजे माल्टाचं दुसरं बेट. मुख्य बेटावरच्या चिरकेव्वा बंदराहून फेरी साधारण २५ मिनिटांची, जाताना तिकीट विचारत नाहीत, येताना घेतात. तिकडे मुख्य गाव व्हिक्टोरिया, लोक त्यालाही रबात म्हणतात, तेव्हा मॅपमध्ये कुठलं रबात टाकलंय ते बघा. वरचा किल्ला म्हणजे चितादेल्ला. १५५१ मध्ये तुर्कांनी हा घेतला आणि बेटावरची जवळपास सगळी माणसं गुलाम करून नेली, त्यानंतर १६३७ पर्यंत गोझोकरांनी रात्री किल्ल्यातच झोपायचं असा कायदा होता. हे माहीत असलं की तटावरून समुद्र बघताना वेगळंच वाटतं. अझूर विंडो नावाची समुद्रातली दगडी कमान मार्च २०१७ मध्ये कोसळली, काही जुन्या यूट्यूब व्हिडिओत अजून दिसते, तिच्या आशेने जाऊ नका.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बेस्ट, जुलै-ऑगस्टला उन्हात दगड तापतात आणि सावली शोधावी लागते. गोझोहून रविवारी संध्याकाळी परतू नका, वीकेंडवाले सगळे तेव्हाच फेरीला रांग लावतात, एक रात्र तिकडेच राहा आणि सोमवारी सकाळी निघा.